चोरांची यादी

मार्गियोच्या वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं आहे, चोरांची यादी. त्याखाली चार रकाने: दिवस, नाव, कुठल्या माडावर, काय चोरलं. एकतीस वर्षांत वह्या बदलत गेल्या, आता एकविसावी चालू आहे, पण ती वरची ओळ आणि ते रकाने त्यानं कधी बदलले नाहीत.

सुरुवात खरोखरच चोरीपासून झाली होती. मार्गियो माडाची नीरा काढतो. सकाळी एकदा आणि ऊन कललं की पुन्हा एकदा, खोडाला पाडलेल्या खाचांत पाय रोवत वर जायचं, भरलेला बांबूचा नळा सोडवायचा, पोयीचं, न उमललेल्या तुऱ्याचं, टोक कोयत्यानं तासायचं, चिमूटभर चुना टाकलेला रिकामा नळा तिथं बांधायचा आणि उतरायचं. खाली त्याची बायको रुकिनेम चुलाण पेटवून वाट पाहत असते. नीरा काहिलीत आटते, करवंट्यांत ओतली जाते, आणि दुपारपर्यंत तिचा गूळ होतो. मेनोरेहच्या डोंगरात, कालिगोंदांग वाडीत, निम्मी घरं याच गुळावर चालतात.

तर त्या वर्षी काही नळे अर्धेच भरलेले निघू लागले. रुकिनेमला वाटलं, नवरा वर बसून पितो. तिनं ते मनात ठेवलं नाही. मार्गियोला राग आला, आणि मुलीच्या शाळेच्या जुन्या वहीतली कोरी पानं घेऊन त्यानं पुरावा गोळा करायला सुरुवात केली. खार, एक, तिसऱ्या माडावर. बुलबुल, दोन. शिंजीर, एक, थेंबभर. महिन्याभरानं वही त्यानं बायकोपुढे ठेवली. तिनं बोट फिरवत सगळी वाचली आणि विचारलं, "हे हिरवं कबूतर कशाला? ते कुठं नीरा पितं?"

"ते नुसतं आलं होतं."

"मग?"

"आलं होतं तर लिहायला नको?"

त्या ओळीत शेवटच्या रकान्यात त्यानं 'काही नाही' असं लिहिलं होतं. पुढे पुढे त्या रकान्यात 'काही नाही'च जास्त येऊ लागलं. जमिनीवरून पाहणाऱ्याला पक्ष्याचं पोट दिसतं, मार्गियोला पाठ दिसायची. कोण कुठल्या महिन्यात काडी घेऊन जातो, कुणाची पिल्लं कधी उडाली, कोण गेल्या वर्षी होता आणि या वर्षी आला नाही, हे त्याला बावीस माडांच्या शेंड्यांवरून आपोआप कळत गेलं. गुडघे कुरकुरायला लागल्यावर बावीसचे अकरा माड झाले, पण ओळी कमी झाल्या नाहीत. शहरातल्या जुन्या बाजारातून त्यानं एक दुर्बीण आणली होती. तिच्या एका भिंगात बुरशी होती, म्हणून तो एक डोळा मिटून पाहायचा. वाडीत त्याला पाखरांचा तलाठी म्हणत. रस्त्यात कुणी भेटलं की विचारायचं, काय तलाठीबुवा, आज कुणाच्या नावावर काय चढवलंत?

त्याचा एकच नियम होता. डोळ्यांनी पाहिलेलं शाईनं लिहायचं, नुसतं ऐकलेलं पेन्सिलीनं. दुसरीकडे कुठं या नियमाची गरज पडली नसती, कालिगोंदांगमध्ये होती. पुरुषाला घर हवं, बायको हवी, घोडा हवा, कमरेला क्रिस नावाची कट्यार हवी आणि दारात पक्षी हवा, अशी जुनी म्हण. घोडे गेले, त्यांच्या जागी मोटारसायकली आल्या. क्रिस पेटीत गेली. पिंजरे मात्र प्रत्येक वळचणीला टांगलेले. आणि पिंजऱ्यातल्या पक्ष्यानं स्वतःचं गाणं गायलं तर त्याला कोण विचारतो? दुसऱ्या पक्ष्यांची गाणी जो जास्त गातो तो स्पर्धेत जिंकतो. म्हणून पिंजऱ्यावर फडकं टाकून त्याच्यापुढे तासन्‌तास मोबाईल लावून ठेवायचा, आतला पक्षी ऐकून ऐकून शिकतो. अशा वाडीत आवाजावर विश्वास कसा ठेवायचा? सुतार पक्षी ओरडला म्हणून मान वळवावी, तर तो कुणाच्या तरी पडवीत टांगलेला निघायचा.

या विद्येत वाडीत वाकिदीचा हात धरणारा कुणी नव्हता. वाकिदी मार्गियोपेक्षा दोन वर्षांनी मोठा, म्हणून मार्गियो त्याला कांग, म्हणजे दादा, म्हणायचा आणि वाकिदी त्याला नुसतं यो. दोघं बरोबर वाढले आणि बरोबरच पक्षी पकडायला शिकले. फणसाचा चीक शिजवायचा, काठ्यांना माखायचा, पाण्याजवळच्या फांदीवर काठ्या बांधायच्या आणि लांब बसून राहायचं.

त्या दिवसांतला एक पक्षी मार्गियोच्या मनातून कधी गेला नाही. झऱ्याखालच्या घळीत तेव्हा सुलिंगान असायचे. सुलिंग म्हणजे पावा. मुठीत मावेल एवढा जीव, पाठ गर्द निळी, छाती पिकल्या पपईच्या रंगाची. पाच-सहा सूर पायऱ्या उतरल्यासारखे खाली यायचे आणि शेवटचा एकदम वर उचललेला, कुणी काही विचारून थांबावं तसा. ज्या वर्षी पैशाची किंमतच गेली, तांदूळ सकाळी एका भावाला आणि संध्याकाळी दुसऱ्या भावाला मिळायला लागला, त्या वर्षी शहरातला व्यापारी सुलिंगान मागत आला. महिन्याभरात मार्गियो आणि वाकिदीनं घळ रिकामी केली. शेवटचा नर मार्गियोच्या काठीला लागला. त्याबदली घरात दोन पोती तांदूळ आला. त्या दिवशीची ओळ चौथ्या वहीत आहे, शाईनं लिहिलेली. नाव: मार्गियो. काय चोरलं: सुलिंगान, नर, एक.

त्यानंतर त्यानं चीक शिजवला नाही. कुणाला सांगितलं नाही, कुणाला उपदेशही केला नाही. वाकिदीचं पकडणं चालू राहिलं आणि दोघांची मैत्रीही.

सत्तावीस वर्षं घळ मुकी होती. मग गेल्या साली, डुरियानची फळं पडायला लागली होती तेव्हा, सातव्या माडावर पोय तासता तासता मार्गियोचा हात थांबला. घळीच्या बाजूनं पाच सूर खाली आले आणि सहावा वर गेला. तो तसाच खोडाला मिठी मारून राहिला. दुसऱ्या दिवशी पुन्हा ऐकू आलं, तिसऱ्या दिवशीही. घरी येऊन त्यानं पेन्सिलीला टोक केलं. तीन ओळी लिहिल्या.

वाडीची सभा दर पस्तीस दिवसांनी भरते, रविवारी पाहिंग हा बाजारवार आला की. सात दिवसांचा आठवडा आणि पाच दिवसांच्या बाजाराचा आठवडा यांची गाठ तेव्हा पुन्हा तिथंच पडते. त्या खेपेला वाडीच्या प्रमुखांनी, पाक दुकुहनी, जुनाच विषय काढला होता. घळीत पक्षी पकडणं बंद करावं का? बाहेरची पोरं जाळी लावायला येत होती, घरची काठ्या. विषय दर सभेला निघायचा आणि चहाबरोबर संपायचा. सभेत मार्गियो कधी बोलत नसे, टॅपिओकाच्या तळलेल्या गेब्लेकची ताटं पुढे सरकवण्यापुरता उठायचा. त्या दिवशी तो उठला आणि ताट हातातच राहिलं.

"घळीत सुलिंगान परत आलाय," तो म्हणाला. "तीन सकाळी ऐकला."

पंचेचाळिशीच्या पुढच्या सगळ्यांना तो पक्षी आठवत होता. वाकिदीनं विडी विझवली आणि विचारलं, "नक्की?"

"पेन्सिलीनं लिहिलंय, कांग."

लोक हसले. वाकिदी मात्र हसला नाही. तो म्हणाला, मग माझ्या काठ्या मी चुलीत घालतो. आणि त्याच संध्याकाळी त्यानं खरोखरच घातल्या. वाडीतला सगळ्यात पट्टीचा पकडणारा थांबला म्हटल्यावर बाकीच्यांना बोलायला जागा राहिली नाही. आठवड्यात घळीच्या तोंडाशी पाटी लागली: इथे पक्षी पकडू नये, पिंजरा आणू नये. पाटी रंगवणाऱ्यानं कोपऱ्यात एक निळा पक्षी काढला. तो जरा कोंबडीसारखा झाला होता, पण रंग बरोबर होता.

मार्गियोच्या आयुष्यात इतके सुखाचे दिवस थोडेच आले असतील. ते एकोणीस टिकले.

विसाव्या दिवशी कोयत्याला धार लावायचा दगड मागायला तो वाकिदीकडे गेला. घरात कुणी नव्हतं, सगळे कुणाच्या तरी लग्नाच्या स्वयंपाकाला गेले होते. दगड मागच्या अंगणात असतो, म्हणून तो घराला वळसा घालून गेला. तिथं, घळीच्या उताराकडे तोंड करून, एक पिंजरा टांगलेला होता. आत खाटीक पक्षी. खाटीक म्हणजे नकलांचा बादशहा. तो रंगात आला होता. आधी मांजर झालं, मग फाटकाची बिजागरी, मग कोंबडीची पिल्लं. आणि मग पाच सूर खाली आले आणि सहावा वर गेला.

मार्गियो ओल्या अंगणात उभा राहिला. समोर, उताराच्या पलीकडे, त्याचा सातवा माड दिसत होता. म्हणजे माडावरून घळ आणि हे अंगण एकाच रेषेत. खिडकीत वाकिदीचा मोबाईल चार्जिंगला लावलेला होता, ईदच्या वेळी मुलानं आणून दिलेला. इतकी वर्षं वाकिदी मोबाईलवाल्यांना नावं ठेवत आला होता. शेवटी तोही त्यातलाच झाला, मार्गियोला वाटलं. दगड न घेताच तो परतला.

पुढचे काही दिवस सकाळची नीरा उतरवली की तो घळीत जाऊन बसे. पाऊस लागून राहिला होता, ओढ्याच्या आवाजात दुसरं काही ऐकू येत नव्हतं. एक डोळा मिटून तो दुर्बिणीतून फांद्या पाहायचा, त्यांवरून पाणी ठिबकत असायचं. घरी वही उघडायचा आणि मिटायचा. शेवटी रुकिनेमनं काहील ढवळता ढवळता विचारलं, काय खाल्लंय तुम्ही, अन्न का जात नाही? तेव्हा त्यानं सगळं सांगितलं.

ती ऐकत ढवळत राहिली. मग म्हणाली, "पेन्सिलीनंच लिहिलंय ना? खोडा."

"वहीतलं खोडता येईल, बुने. पाटीवरचं?"

"कांग वाकिदींना विचारा तरी."

"काय तोंडानं विचारू? माझ्या शब्दावर त्यांनी काठ्या जाळल्या."

त्याच्यापुढे दोन वाटा होत्या. गप्प बसायचं. घळ बंद राहिली असती, बुलबुलांची, खंड्यांची पिल्लं वाचली असती, तलाठी चुकला हे कुणाला कळलंही नसतं. किंवा सांगायचं, आणि मग पाटी उतरायची, पुन्हा चीक शिजायचा, आणि यापुढे त्याच्या शब्दाला वाडीत कुणी विचारणार नाही. गप्प बसण्यात पक्ष्यांचं भलं होतं, यातच त्याची खरी अडचण होती. पण एकवीस वह्यांत एक खोटी ओळ राहिली तर बाकीच्या ओळींचं काय? मार्गियो या नावापुढे त्यानं चोरी लिहून ठेवली होती, ती खरी लिहिली होती म्हणून त्याला झोप लागत होती.

"पाकने," रुकिनेम म्हणाली, पोरं झाल्यापासून ती त्याला पोरांचा बाप आणि तो तिला पोरांची आई म्हणूनच हाक मारतो, "माडावरून उतरताना तुम्ही काय बघता? जमीन?"

"पायाखालची खाच."

"मग झालं तर. आताही तेवढंच बघा."

रविवार पाहिंग पुन्हा आला. सभेत चहा फिरायच्या आधीच मार्गियो उठला. त्यानं सांगितलं की मागच्या खेपेला मी जे बोललो ते चुकलं असावं. मी ऐकला तो रानातला पक्षी नव्हता, कांग वाकिदींच्या पिंजऱ्यातला खाटीक होता. त्याला मोबाईलवरून सुलिंगानचं गाणं शिकवलेलं आहे. माझ्या कानांनी मला फसवलं आणि मी तुम्हाला. एवढं बोलून तो खाली बसला. मागून कुणीतरी पोरगं म्हणालं, मग पाटी उतरवायची का? काही जण हसले. पाक दुकुहनी चष्मा काढून हातात धरला.

वाकिदी सावकाश उठला.

"यो, तू माझ्या परसात गेला होतास?"

"धारेचा दगड मागायला, कांग."

"आणि दगड न घेता परत आलास. मला काही न विचारता. आणि मी पक्ष्याला मोबाईल ऐकवला असं तूच ठरवून टाकलंस."

मार्गियोनं मान डोलावली.

"अरे, सगळं आयुष्य मला ओळखतोस तू. मोबाईलवर शिकलेला पक्षी कसा गातो ठाऊक आहे ना? दर वेळी तेवढंच आणि तस्संच. मध्ये जाहिरात लागली तर तीही गातो." सभा हसली, वाकिदी थांबला नाही. "माझ्या फोनमध्ये नातवाचे फोटो आहेत आणि बायकोच्या शिव्या. बस. हा खाटीक मी पिल्लू असल्यापासून हातावर वाढवलाय. पुढच्या पडवीत होता तर शेजारच्या मोटारसायकलचा हॉर्न शिकायला लागला, म्हणून मागे टांगला, घळीकडे तोंड करून. तिथं मांजर आहे, ते तो गातो. फाटक आहे, ते गातो. मग सुलिंगान त्याला कुणी शिकवला? तुझ्या आजोबांनी?"

आता कुणी हसत नव्हतं.

"एका दिवसात शिकत नाही तो," वाकिदीचा आवाज खाली आला. "महिनाभर रोज ऐकावं लागतं. तू सभेत बोललास त्याच्या आधीपासून तो शेवटचा सूर घोळवत होता. मला तेव्हाच कळलं होतं, घळीत कोण आहे ते."

पाक दुकुहनी विचारलं की मग तुम्ही बोलला का नाहीत?

"पकडणारा पक्ष्याची जागा सांगतो का कधी?" वाकिदीनं विडी काढली, पेटवली नाही. "काठ्या तयार होत्या माझ्या. चीकही शिजवला होता. दुसऱ्या दिवशी पहाटे जाणार होतो. आणि हा ताट हातात घेऊन उभा राहिला." तो मार्गियोकडे वळला. "तुला काय वाटलं, तुझ्या पेन्सिलीच्या भरवशावर मी काठ्या जाळल्या?"

मार्गियोनं दोन्ही हातांनी तोंड पुसलं. पस्तीस दिवसांपूर्वी तो एक दिवस गप्प बसला असता तर काय झालं असतं, ते त्याच्या हळूहळू ध्यानात येत होतं. मग त्यानं विचारलं, कारण तो तलाठी होता, "पण मी ऐकलं ते खाटकाचं की सुलिंगानचं?"

"ते मी काय सांगू? जाऊन बघ."

पाक दुकुहनी एका सकाळपुरता पाटीवरचा नियम बाजूला ठेवायची परवानगी दिली.

सोमवारी उजाडता उजाडता दोघं म्हातारे घळीत उतरले, वाकिदीच्या हातात फडक्यानं झाकलेला पिंजरा, मार्गियोच्या गळ्यात दुर्बीण. पाऊस थांबला होता. झऱ्यावरच्या उंबराला पिंजरा टांगून ते मागे खडकावर बसले, काठ्या लावून बसायचे तिथंच. दोघांनाही जागा आठवत होती. वाकिदीनं फडकं काढलं होतं. खाटीक बराच वेळ गप्प राहिला. मग फाटक वाजलं. मग मांजर.

"गा रे बाबा," वाकिदी पुटपुटला. "अब्रू घालवू नकोस."

पाच सूर खाली आले, सहावा वर गेला.

आणि ओढ्याच्या पलीकडून, रागानं, जास्त जोरात, जास्त स्वच्छ, पाच सूर खाली आले आणि सहावा वर गेला. झुडपातून निळं काहीतरी सुटलं आणि पिंजऱ्यावरच्या फांदीवर येऊन बसलं. मार्गियोनं एक डोळा मिटला. बुरशी नसलेल्या भिंगात पिकल्या पपईच्या रंगाची छाती फुगली, चोच उघडली. आपल्या हद्दीत हा कोण आगंतुक, म्हणून तो छोटासा जीव थरथरत होता.

"दिसला?" वाकिदीनं विचारलं.

मार्गियोनं दुर्बीण त्याच्या हातात दिली. वाकिदीनं ती उलटी धरली, मग सरळ केली. मग बराच वेळ परत दिली नाही. पुढे खाटीक गप्प झाला, तरी फांदीवरचा गात राहिला. फडकं टाकून पिंजरा उचलला तेव्हाही तो हटला नव्हता.

माडांवर चढेपर्यंत ऊन वर आलं होतं. नळ्यांत नीरा आंबून फेसाळली होती. रुकिनेमनं वास घेतला, नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि काहील चढवली. त्या दिवशी गूळ धरला नाही. करवंट्या उपड्या केल्या तर नुसता मऊ लगदा ताटात पसरला. तो लगदा तिनं उकडलेल्या टॅपिओकाबरोबर दोघांपुढे वाढला, वाकिदी तिथंच जेवायला थांबला होता. मार्गियो दोनदा मागून जेवला.

दुपारी त्यानं वही काढली. पेन्सिलीच्या तीन ओळी खोडल्या नाहीत, त्यांवर शाईही फिरवली नाही, त्या तशाच राहू दिल्या. खाली नवी ओळ आखली. दिवस: सोमवार, पोन. नाव: सुलिंगान, नर, एक. कुठल्या माडावर: माडावर नाही, झऱ्यावरच्या उंबरावर. शेवटच्या रकान्याशी येऊन तो थांबला. हाताला 'काही नाही'ची सवय होती. मग चुलाणाजवळ करवंट्या घासत बसलेल्या रुकिनेमकडे त्यानं एकदा पाहिलं आणि शाईनं लिहिलं, एका सकाळची नीरा.